किंजळीचा बाक: लाकूड गिरणी, मेस्त्री आणि एक पावसाळा

घरच्या सुतारकामासाठी भक्कम बाक, म्हणजे उभ्याने काम करायचे टेबल, करून घ्यावा असे ज्यांच्या मनात आहे आणि जे रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीत राहतात, त्यांना उपयोगी पडावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. कुडाळच्या बाजूला महामार्गापासून जवळ असलेल्या एका लाकूड गिरणीत मी नोव्हेंबर २०२३ मध्ये किंजळीचा एक ओंडका चिरून घेतला, ते लाकूड चौदा महिने घरी वाळवले आणि जानेवारी २०२५ मध्ये गावातल्याच मेस्त्रींच्या मदतीने त्याचा बाक उभा केला. गिरणीची सेवा कशी होती, मेस्त्रींचे काम कसे उतरले आणि आराखड्यातले कोणते निर्णय बरोबर ठरले, हे बाकावरून एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते. आपल्याकडे लाकडी वस्तूची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच होते.

याआधी माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला तयार बाक होता. दुमडलेल्या पत्र्याचे पाय, वर १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेला) तक्ता आणि सगळे जोड नटबोल्टचे, अशी त्याची रचना होती. तो दोनशे किलो भार पेलतो असे खोक्यावर छापले होते आणि ते खोटे नव्हते. वरून ठेवलेले ओझे तो निमूट पेलत असे. मात्र ओझे पेलणे आणि जागचे न हलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला फणसाच्या एका फळीवर रंधा मारताना कळले. रंधा पुढे रेटला की आधी बाक पुढे झुकायचा आणि मग रंधा चालायचा, म्हणजे माझ्या जोराचा पहिला हिस्सा बाकालाच जायचा. एकदा मी मुलीला रंध्याची मूठ धरून बाक हलवायला सांगितले आणि स्वतः खाली बसून पायाच्या जोडाकडे बघत राहिलो. बोल्टपाशी काडेपेटीच्या काडीएवढी फट प्रत्येक धक्क्याला उघडत होती आणि मिटत होती. दुसऱ्या पावसाळ्यात तक्त्याच्या कडा फुगल्या. १८ मिलिमीटरची कड मोजली तेव्हा २३ भरली आणि त्या भागात स्क्रू धरेनासे झाले. कंपनीकडे तक्रार केली तेव्हा दमटपणामुळे झालेले नुकसान हमीत बसत नाही असे उत्तर आले. जी वस्तू दमट हवेच्या प्रदेशात विकली जाते, तिच्या हमीतून दमटपणाच वगळलेला असावा, ही गोष्ट मला आजही मान्य नाही.

नवा बाक करायचा ठरल्यावर माझा पहिला विचार सर्वांचा असतो तोच होता: लाकूड जाड घ्यावे, म्हणजे बाक आपोआप मजबूत होईल. मेस्त्रींशी बोलल्यावर हा विचार बदलला. ते साठीच्या पुढचे आहेत आणि आयुष्यभर जमिनीवर बसूनच त्यांनी काम केले आहे. फळी ते पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने धरतात. त्यांचा बाक म्हणजे जमीनच, आणि जमीन हलत नाही. उभ्याने काम करणाऱ्याला हाच भक्कमपणा तेहतीस इंच वर आणायचा असतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. रंध्याचा जोर आडवा असतो. तो तक्त्याच्या पातळीवर लागतो, पाय मात्र खाली जमिनीला टेकलेले असतात, त्यामुळे चौकोनी चौकट तिरकी होऊ पाहते. हा तिरका ओढा फळीची जाडी थांबवत नाही. पाय आणि आडव्या दांड्या जिथे भेटतात तो जोड किती रुंद, किती खोल आणि किती घट्ट आहे, यावर सगळे अवलंबून असते. दोन इंच रुंदीच्या दांडीला खांद्यावर, म्हणजे ती पायाला भिडते त्या कडेवर, टेकायला फार थोडी जागा मिळते, तर पाच इंच रुंदीची दांडी पायाला वरपासून खालपर्यंत घट्ट बसते आणि चौकटीला वाकू देत नाही. म्हणून आमच्या आराखड्यात सर्वांत आधी खालच्या लांब दांड्यांची रुंदी ठरली, आणि तक्त्याची जाडी त्यानंतर.

वजनाचा उपयोग नाही असे मात्र नाही. हलका बाक जोडात कितीही पक्का असला तरी जमिनीवरून सरकतो. किंजळीची निवड बऱ्याच अंशी या कारणाने झाली. गिरणीत त्या दिवशी सागवान, ऐन, किंजळ, फणस, आंबा आणि अकेशिया इतक्या जातींचे ओंडके होते. सागवान ऋतुमानाप्रमाणे सर्वांत कमी हलणारे लाकूड आहे आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाकाला लागणारे सात-साडेसात घनफूट चांगले सागवान घेणे मला परवडणारे नव्हते, शिवाय ते घनमीटरला साधारण साडेसहाशे किलोच भरते. ऐन भरपूर जड आणि कठीण असते, मात्र वाळताना ते तडकते आणि पीळ खाते, त्यामुळे हौशी माणसाने ते स्वतः वाळवण्याच्या भानगडीत पडू नये असे गिरणीच्या मालकांनी स्पष्ट सांगितले. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. फणस मला फार आवडतो. त्याचा ताज्या कापाचा पिवळा रंग आणि रंध्याखालून निघणारी लांब कुरळी साल यांची बरोबरी करणारे लाकूड आपल्याकडे दुसरे नाही, पण बाकाच्या तक्त्यासाठी ते थोडे मऊ पडते. राहिली किंजळ. कोकणातल्या जुन्या घरांचे वासे आणि खांब ज्या लाकडांचे असत त्यांत ती असते, सागवानापेक्षा ती जड असते आणि मिळतेही सहज. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होतात तो या कामाला उपयोगाचा नाही हे वेगळे सांगायला नको, पण माझ्या एका मित्राने हलके म्हणून तेच सुचवले होते, म्हणून लिहिले.

मालकांचे एक वागणे मला विशेष आवडले. ओंडका दाखवताना त्यांनी न मागता वाहतूक परवाना पुढे केला आणि ओंडक्याच्या तोंडावरचा वनखात्याचा शिक्का दाखवला. झाडे तोडण्याबाबतचा राज्याचा कायदा १९६४ चा आहे आणि ऐन, किंजळ, साग, फणस, आंबा ही झाडे त्यात येतात, त्यामुळे ती स्वतःच्या जागेत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. घरच्या कामासाठी लाकूड घेणारे आपल्यापैकी बरेच जण हा कागद बघतच नाहीत. तो जरूर बघावा आणि त्याची एक प्रत जवळ ठेवावी.

दुसरी गोष्ट मापाची. गोल ओंडक्याचे माप घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग करून त्याला लांबीने गुणून काढतात. माझ्या ओंडक्याचा घेर चार फूट आणि लांबी तेरा फूट होती, म्हणजे या हिशेबाने तेरा घनफूट झाले. भूमितीने बघितले तर त्यात साडेसोळा घनफूट लाकूड असते. या पद्धतीत प्रत्यक्ष घनफळाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जाते, आणि उरलेला भाग साल, कडा आणि भुसा यांत जाणार हे त्यात गृहीत धरलेले असते. हे माहीत नसेल तर चिरलेल्या लाकडाचा आणि गोल लाकडाचा भाव शेजारी ठेवून तुलना करताना मोठी गफलत होते. मला त्या ओंडक्यातून नऊ घनफूट कामाचे लाकूड मिळाले. चिराई वेगळी द्यावी लागली आणि ती वाजवी होती.

आता गिरणीबद्दलच्या तक्रारी. चार दिवसांत चिरून देतो असे सांगून अकरा दिवस लावले, ही त्यातली लहान तक्रार. मोठी तक्रार चिरण्याच्या पद्धतीची आहे. ओंडक्याच्या अगदी मध्यावरचा भाग, जिथे झाडाच्या पहिल्या वर्षांची वलये असतात, तो पायांच्या फळ्यांत येऊ देऊ नका असे मी सांगितले होते आणि कागदावर आकृतीही काढून दिली होती. लाकूड वलयांच्या दिशेने जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच ते मध्यापासून बाहेरच्या दिशेने आकसते, आणि मध्याचा भाग ज्या फळीत राहतो ती फळी वाळताना मध्येच फाटते. मशिनवरच्या कामगाराने ओंडका एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत सरसकट चिरला. पायांसाठी काढलेल्या आठ फळ्यांपैकी दोन मार्चपर्यंत टोकापासून हातभर फाटल्या. मालकांनी घासाघीस न करता दोन फळ्या बदलून दिल्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. पण त्या नव्या फळ्या ओल्या होत्या आणि त्यामुळे सगळे काम पुढे गेले. चिराईच्या वेळी स्वतः उभे राहावे, एवढा अर्धा दिवस काढावाच.

लाकूड घरी आल्यावर मेस्त्रींनी एका फळीवर तळहात ठेवला, तोंडाजवळची कड नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "ह्यां लाकूड अजून ओलां आसा. एक पावस जावंदे, मगे काय तां करू." माझी दिवाळीनंतर लगेच सुरुवात करायची फार इच्छा होती, पण त्यांचे म्हणणे ऐकले आणि ते फायद्याचे ठरले. पडवीत जांभ्याच्या चिऱ्यांवर फळ्यांची थप्पी रचली. दोन फळ्यांच्या मध्ये दीड-दीड फुटावर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या घातल्या, त्या सर्व थरांत बरोबर एकावर एक येतील याची काळजी घेतली, फळ्यांच्या टोकांना जुना ऑइल पेंट फासला आणि वरून आणखी चार चिरे ठेवले. टोकाकडून पाणी सर्वांत लवकर निघून जाते, त्यामुळे टोके रंगवली नाहीत तर तिथून भेगा सुरू होतात. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते म्हणून त्या बाजूला माडाची झापे बांधली, पण वारा खेळता राहील इतकी मोकळी ठेवली.

लाकूड वाळले की नाही हे कळायला माझ्याकडे ओलावा मोजण्याचे यंत्र नव्हते. त्याऐवजी त्याच ओंडक्यातला दोन इंच जाड, चार इंच रुंद आणि एक फूट लांब असा तुकडा थप्पीतच ठेवला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन केले. नोव्हेंबरमध्ये तो १,६४० ग्रॅम भरला. मे महिन्यात १,३१० वर आला. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच तुकड्याचे वजन वाढून १,३७० झाले आणि जानेवारीत १,२९० वर येऊन थांबले. ही वही आमच्या घरात सर्वांनी बघितली आणि लाकूड पावसाळ्यात हवेतले पाणी परत घेते हे कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या चार आकड्यांनी जास्त स्पष्ट केले. हवेत ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सोळा टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो, आणि आर्द्रता पासष्ट टक्के असेल तर बारा टक्क्यांच्या आसपास. बाक कितीही चांगला वाळवलेल्या लाकडाचा केला तरी तो दरवर्षी थोडा रुंद आणि थोडा अरुंद होणारच. आराखड्याचे काम म्हणजे त्या हालचालीला वाट करून देणे.

तक्त्याबाबतचा निर्णय त्यातून झाला. सहा फूट लांब आणि सुमारे बावीस इंच रुंद तक्ता दोन-तीन रुंद फळ्या शेजारी-शेजारी जोडून होऊ शकला असता. तसे न करता आम्ही पंचेचाळीस मिलिमीटर जाडीच्या बारा पट्ट्या कडेवर उभ्या केल्या आणि अंगाला अंग लावून चिकटवल्या. त्यामुळे तक्ता पंचाहत्तर मिलिमीटर जाड आणि चोपन्न सेंटिमीटर रुंद झाला. पट्टी उभी केली की तिची जास्त आकसणारी दिशा वर-खाली जाते आणि कमी आकसणारी दिशा तक्त्याच्या रुंदीत येते. रुंदीचे निरीक्षण मी पावसाळाभर ठेवले: जानेवारीत ५४० मिलिमीटर असलेला तक्ता ऑगस्टच्या शेवटी ५४४ भरला. वाढ चार मिलिमीटरचीच होती, पण तक्ता चारही पायांना घट्ट जखडला असता तर याच वाढीने मागचे पाय बाहेर ढकलले असते किंवा तक्ता मध्ये फुगवला असता.

हे टाळण्यासाठी तक्ता पायांत न अडकवता दोन आडव्या दांड्यांवर ठेवून खालून चार कोच स्क्रूंनी, म्हणजे पान्याने आवळायच्या जाड स्क्रूंनी, धरला आहे. पुढच्या दोन स्क्रूंची भोके नेमकी आहेत, मागच्या दोन स्क्रूंची भोके आडवी लांबट केली आहेत आणि त्यांत रुंद वायसर आहेत. त्यामुळे पुढची कड कायम पायांच्या रेषेत राहते आणि सगळी वाढ मागे भिंतीच्या बाजूला जाते. पुढची कड आणि पुढचे पाय एका पातळीत असणे मला फार महत्त्वाचे वाटते. दाराची चौकट किंवा लांब फळी कडेवर उभी धरून रंधायची असेल तर तिला तक्त्यालाही टेकता आले पाहिजे आणि पायालाही. जुन्या बाकाचा तक्ता पायांच्या पुढे तीन इंच आलेला होता आणि त्या तीन इंचांमुळे लांब फळीचे खालचे टोक नेहमी लोंबकळत राहायचे.

पायांसाठी चार बाय चारचे अखंड लाकूड घेण्याचा मोह टाळला हे बरे झाले. इतके जाड लाकूड आतपर्यंत वाळायला दोन इंची फळीच्या मानाने कितीतरी जास्त वेळ लागतो. आम्ही प्रत्येक पाय दोन फळ्या चिकटवून केला, आणि त्यात आणखी एक सोय झाली. दांडीचे कुसू, म्हणजे तिच्या टोकाला कापलेली जीभ, ज्या भोकात बसते ते भोक पटाशीने खोदत बसण्याऐवजी आतल्या फळीत चिकटवण्याआधीच करवतीने खाच कापली, आणि फळ्या एकमेकींना चिकटवल्यावर ती खाच आपोआप चौकोनी भोक झाली. सहाव्या-सातव्या तासाला हाताला घट्टे पडण्याऐवजी दुपारच्या जेवणापर्यंत चारही पायांची भोके तयार होती. सरस पाण्याला टिकणाराच वापरावा. आम्ही फेव्हिकॉलचा मरीन प्रकार वापरला आणि आजवर एकही जोड उघडलेला नाही.

मेस्त्रींच्या कामाबद्दल मला पूर्ण समाधान आहे, जरी सुरुवातीला आमचा मतभेद झाला. त्यांचा आग्रह जोडांत सरस आणि वरून खिळे असा होता, कारण गेली वीस वर्षे गिऱ्हाईक त्यांच्याकडून प्लायचे काम करून घेत आहे आणि त्यात तेच चालते. मी लाकडी खुंटीचा विषय काढल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या वडिलांनी घरांच्या छपरांचे सांधे खुंटी मारून केले होते आणि ती रीत त्यांच्या हाताला ठाऊक होती. पायात भोक पाडायचे, कुसू आत घालून त्याच भोकातून कुसूवर खूण करायची, कुसू बाहेर काढायचे आणि कुसूवरचे भोक त्या खुणेपासून दीड मिलिमीटर खांद्याकडे सरकवून पाडायचे. मग टोकाला निमुळती केलेली बाभळीची खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकांतून वाट काढताना कुसूला आत ओढते. पहिली खुंटी शेवटच्या बोटभर अंतरात शिरत असताना पाय आणि दांडी यांच्या मधली केसाएवढी रेषा माझ्या डोळ्यांसमोर बुजत गेली, आणि मेस्त्रींनी मोगरी खाली ठेवून त्या जागेवरून नख फिरवले. नख अडकले नाही. हा जोड सरसाशिवायही उभा राहतो, आणि लाकूड आकसले तरी खुंटीचा ताण कायम असतो. त्यांनी ठरल्यापेक्षा एक दिवस जास्त घेतला आणि त्या दिवसाची मजुरी मागितली नाही; मी दिली.

उंची ठरवताना हात सैल सोडून सरळ उभे राहावे आणि मनगटाच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. हातरंध्याचे काम मुख्य असेल तर हीच उंची ठेवावी. माझ्यासाठी ती तेहतीस इंच आली. फक्त मशिनचे किंवा बारीक कोरीव काम करणाऱ्याला ती कमी वाटेल. पडवीच्या कोब्याला पाणी बाहेर जावे म्हणून उतार दिलेला असतो हे विसरू नये. आमच्याकडे सहा फुटांत बारा मिलिमीटरचा उतार निघाला. पाय वीस मिलिमीटर लांब ठेवून बाक जागेवर उभा केला, पाचर घालून तक्ता समपातळीत आणला, एकाच जाडीच्या ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून चारही पायांभोवती रेघ मारली आणि त्या रेघेवर कापले. बाक त्या जागेवरच समपातळीत बसतो. दुसरीकडे हलवला तर पुन्हा पाचर लागेल, आणि शंभर किलोंच्या आसपास वजन असल्याने तो सहज हलवण्याचा प्रश्न येत नाही.

व्हाइस, म्हणजे फळी आवळून धरणारा शिकंजा, नऊ इंची, ओतीव लोखंडाचा, हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला आहे आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या सोयीने डाव्या टोकाला बसवला आहे. पकड चांगली आहे. त्याच्या स्क्रूला खाऱ्या हवेत आठवड्याला तेलाचा हात लागतो, नाहीतर गंज धरतो. बाकाच्या बाकीच्या स्क्रूंसाठी मात्र स्टेनलेस स्टील घ्यावे आणि खर्चाकडे बघू नये. व्हाइसपेक्षा जास्त वापर मी होल्डफास्टचा करतो. ही फळी दाबून धरणारी वाकवलेली लोखंडी सळी असते. तक्त्याच्या भोकात घालून वरून एक ठोका दिला की ती तिरकी होऊन अडकते आणि मागून ठोकल्यावर सुटते. तयार मिळेना म्हणून लोहाराकडून अठरा मिलिमीटरच्या सळीच्या दोन करून घेतल्या आणि तक्त्यात एकोणीसची भोके पाडली. पहिली सळी धरेना, कारण ती काटकोनात वळवली होती आणि तिला लवचीकपणा राहिला नव्हता. लोहाराने ती पुन्हा तापवून मोठ्या गोलाईत वळवली आणि टोक चपटे केले. आता एका ठोक्यात फळी जखडते.

पावसाळ्यातले दोष सांगितले पाहिजेत. तक्त्याला मी कच्चे अळशीचे तेल दिले होते आणि जुलैमध्ये त्यावर पांढरी बुरशी आली. कच्च्या तेलावर बुरशी पोसली जाते. ती सोडा घातलेल्या पाण्याने पुसून काढली आणि सप्टेंबरनंतर पृष्ठभाग घासून शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात दिला. तो टिकतो का हे पुढच्या पावसात दिसेल. पायांच्या तळाला आणि तक्त्याच्या खालच्या बाजूला मेस्त्रींच्या सांगण्यावरून काजूच्या टरफलांचे तेल लावले आहे आणि वाळवी किंवा भुंग्याची खूण अजून कुठेही नाही. हे तेल कातडीला भाजते, त्यामुळे हातमोजे घालूनच लावावे आणि जिथे हात फिरतो तिथे मुळीच लावू नये. बारा पट्ट्यांपैकी कडेच्या दुसऱ्या पट्टीत बाहेरचा पांढरट भाग राहून गेला आहे आणि तिथे लाकूड बाकीच्यापेक्षा मऊ आहे. हे निवडताना माझ्या लक्षात यायला हवे होते.

ज्यांना चौदा महिने थांबणे शक्य नाही त्यांनी आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा १९ मिलिमीटरचा प्लाय घ्यावा. आठ बाय चारच्या एका तक्त्यातून सहा फूट लांब आणि बावीस इंच रुंद असे दोन तुकडे निघतात, त्यामुळे दोन तक्त्यांत चार थर होऊन शहात्तर मिलिमीटर जाडी मिळते आणि तो पावसाळ्यात जवळजवळ हलत नाही. मात्र त्याच्या उघड्या कडांवर लाकडी पट्टी मारावी आणि पाय व दांड्या खऱ्या लाकडाच्याच ठेवाव्यात.

लाकूड, चिराई, मजुरी, व्हाइस आणि लोहाराचे काम मिळून जुन्या तयार बाकाच्या सुमारे अडीचपट खर्च आला. गिरणीला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. लाकूड, माप आणि कागदपत्रे चोख, पण चिराईकडे लक्ष नाही. मेस्त्रींना पाच. ज्यांना पुढच्या वर्षी बाक करायचा आहे त्यांनी ओंडका यंदाच्या दिवाळीनंतर लगेच चिरून थप्पी लावावी, आणि त्यातला एक फुटाचा तुकडा वजनासाठी बाजूला काढून त्यावर तारीख लिहावी. माझ्या थप्पीत आता फणसाच्या चार फळ्या आहेत आणि त्यांचा तुकडा या महिन्याला १,१८० ग्रॅम भरला आहे.